पोकरच्या बादशहांचे केसपेपर

पत्ते आपल्या घरांना परके नाहीत. लग्नघरी जानवशावर रमीचा डाव पडतो, मे महिन्याच्या सुट्टीत आजी नातवंडांना झब्बू आणि पाच-तीन-दोन शिकवते, दिवाळीच्या रात्री काही घरांत तीन पत्तीही रंगते. गेल्या काही वर्षांत मात्र मोबाइलच्या पडद्यावरून ‘पोकर’ हा तीन पत्तीचा दूरचा भाऊबंद घरात शिरला आणि ‘हा खेळ खेळून लोक कोट्यधीश झाले आहेत’ हे वाक्य नातवंडांच्या तोंडून ऐकू येऊ लागले. या वाक्यात तथ्य आहे. अशी माणसे झाली, त्यांची नावे जगभर गाजली. पण ती जगली कशी, त्यांच्या शरीराने आणि मनाने या धंद्याची काय किंमत मोजली, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. आज अशा काही खेळाडूंची आयुष्ये आपण रुग्णाचा केसपेपर चाळावा तशी चाळून पाहू. ज्येष्ठांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना त्यांतून उपयोगी पडेल असे बरेच हाती लागते.

खेळ आणि धंदा

आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते असतात आणि मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडे होतात. या सातांतून उत्तम पाच जुळवायचे आणि त्यावर पैसे लावायचे. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि जुगारघर आपला ठरावीक हिस्सा कापून घेते. त्यामुळे एकाच्या खिशात आलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. एका डावात नशिबाचे चालते. हजारो डावांत गणित, स्मरण आणि समोरच्याचा चेहरा वाचण्याचे कसब वरचढ ठरते. म्हणूनच या खेळावर उपजीविका करणारे थोडे लोक निर्माण झाले.

ते किती थोडे, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. अमेरिकेतील लास वेगास येथे १९७० पासून पोकरची जागतिक मालिका भरते. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर आहे. २०२३ मध्ये या स्पर्धेत १०,०४३ प्रवेशिका आल्या आणि बक्षीस मिळाले १,५०७ जणांना. उरलेल्या साडेआठ हजारांची फी गेली. वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले ते एका विजेत्याचे.

पहिला केसपेपर : स्टू उंगर

न्यूयॉर्कमध्ये १९५३ साली जन्मलेला स्टू उंगर हा पत्त्यांच्या जगातील विलक्षण बुद्धीचा माणूस मानला जातो. वडील मद्यालय चालवीत आणि तेथेच पैजांचा व्यवहारही करीत. स्टू किशोरवयात असतानाच ते वारले. पुढे आईला पक्षाघाताने गाठले. ज्या वयात मुलगा शाळेत असावा, त्या वयात हा मुलगा पत्त्यांच्या अड्ड्यांवर कमाई करीत होता. ‘जिन रमी’ या खेळात तो इतका तरबेज झाला की त्याच्याशी खेळायला कोणी तयार होईना. तेव्हा तो पोकरकडे वळला. १९८० मध्ये त्याने जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली, १९८१ मध्ये पुन्हा जिंकली.

जिंकलेला पैसा त्याच्याजवळ टिकला नाही. पोकरच्या टेबलावर मिळवायचे आणि घोड्यांच्या शर्यतींवर व सामन्यांवरील पैजांत उधळायचे, हा त्याचा क्रम होता. व्यावसायिक खेळाडूंच्या बोलीत याला ‘गळती’ म्हणतात. हंडा काठोकाठ भरला तरी तळाला भोक असेल तर तो रिकामाच होणार. त्यात कोकेनचे व्यसन जडले. १९८६ मध्ये घटस्फोट झाला. १९९० च्या मुख्य स्पर्धेत तो आघाडीवर होता. तिसऱ्या दिवशी अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. त्याच्यापुढे इतका मोठा ढीग जमलेला होता की तो टेबलावर नसतानाही त्याचा क्रमांक नववा आला.

१९९७ मध्ये एका मित्राने फी भरली आणि उंगरने तिसऱ्यांदा मुख्य स्पर्धा जिंकली. पहिले बक्षीस दहा लाख डॉलरचे होते. त्या दिवशीच्या छायाचित्रांत त्याने गोल निळा चष्मा घातलेला दिसतो. कोकेनमुळे खचलेले नाक झाकण्यासाठी तो होता. खिशात मुलीचे छायाचित्र होते. पुढच्या वर्षी त्याच मित्राने पुन्हा फी भरली, पण उंगर स्पर्धेला आलाच नाही. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास वेगासमधील एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५. वर्षानुवर्षांच्या अमली पदार्थांनी हृदय निकामी केले होते. आयुष्यात कोट्यवधी डॉलर जिंकलेल्या या माणसाच्या अंत्यविधीसाठी मित्रांना वर्गणी काढावी लागली.

हा केसपेपर वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. उंगर मूर्ख नव्हता, आळशीही नव्हता. ज्या मेंदूला पत्त्यांची गणिते क्षणात उलगडत, त्याच मेंदूला थांबता येत नव्हते. ‘आमचा मुलगा हुशार आहे, तो वाहवत जाणार नाही’ असे समाधान मानणाऱ्या पालकांनी यावर विचार करावा. बुद्धी आणि आवर या दोन वेगळ्या शक्ती आहेत.

दुसरा केसपेपर : डॉयल ब्रन्सन

टेक्सासमधील एका खेड्यात १९३३ साली जन्मलेला डॉयल ब्रन्सन मुळात बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू. उन्हाळी नोकरीत कारखान्यात अपघात झाला, पाय मोडला आणि खेळाडू होण्याचे स्वप्न संपले. त्याने शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, कार्यालयीन यंत्रे विकण्याची नोकरीही धरली. पण पोकरमध्ये मिळणारा पैसा पगाराहून मोठा आहे हे त्याच्या लवकरच ध्यानी आले. टेक्सासमधील बेकायदा अड्ड्यांवर, बंदुका आणि पोलीस या दोहोंच्या भीतीत, त्याने उमेदवारी केली.

१९६२ मध्ये लग्न झाले आणि थोड्याच काळात मानेत कर्करोगाची गाठ निघाली. रोग पसरला असून आशा नाही असे सांगण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, पुढे तपासणीत रोगाचा मागमूस उरला नाही. ब्रन्सन दाम्पत्याने याचे श्रेय प्रार्थनेला दिले. अशा घटना क्वचित घडतात, त्यांची पूर्ण उकल वैद्यकशास्त्राला प्रत्येक वेळी करता येत नाही. मात्र त्यावरून उपचार टाळण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ब्रन्सनही गेला होता. १९८२ मध्ये त्याची १८ वर्षांची मुलगी हृदयाच्या झडपेच्या आजाराने गेली.

१९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे त्याने मुख्य स्पर्धा जिंकली. जागतिक मालिकेतील दहावे विजेतेपद त्याला २००५ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी मिळाले. मोडलेल्या पायाने त्याला आयुष्यभर साथ दिली नाही. आधी कुबडी, नंतर बॅटरीवर चालणारी गाडी घेऊन तो टेबलापर्यंत येई. २०१८ मध्ये, ८४ व्या वर्षी, एका स्पर्धेत सहावा आल्यावर त्याने आता पत्नीजवळ राहायचे आहे असे सांगितले. १४ मे २०२३ रोजी ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

उंगरप्रमाणेच ब्रन्सननेही मोठमोठ्या रकमा गमावल्या होत्या. मग एक ४५ व्या वर्षी गेला आणि दुसरा नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, हे कसे? एका कारणावर बोट ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी डॉक्टराच्या नजरेला दोन फरक ठळक दिसतात. एक, ब्रन्सनच्या आयुष्यात कोकेन नव्हते. दोन, त्याचे घर साठ वर्षे टिकले. टेबलावरून उठून जायला त्याला ठिकाण होते.

तिसरा केसपेपर : चिप रीस

डेव्हिड ‘चिप’ रीस याला शाळकरी वयात र्‍हुमॅटिक ताप आला. आपल्याकडे आजही मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडवणारा हाच तो आजार. जवळजवळ वर्षभर तो घरात पडून होता आणि आईने त्याला पत्त्यांचे व पटावरचे खेळ शिकवले. आजारी मुलाला रिझवणाऱ्या या माउलीचे उदाहरण काळजीवाहकांनी जरूर लक्षात ठेवावे. पुढे डार्टमथसारख्या नामांकित महाविद्यालयातून तो पदवीधर झाला, वाटेत लास वेगासला उतरला आणि तिथलाच झाला. थंड डोक्याचा, शिस्तीचा खेळाडू अशी त्याची ख्याती होती. २००६ मध्ये त्याने ५०,००० डॉलर फीची स्पर्धा जिंकली. तिच्या शेवटच्या दोघांमधील लढत सुमारे सात तास चालली. डिसेंबर २००७ मध्ये तो झोपेतच गेला. वय ५६, न्यूमोनियाची लक्षणे होती असे त्या वेळी सांगण्यात आले.

त्याच्या मृत्यूचा दोष पत्त्यांना देता येणार नाही. पण तासन्‌तास एका जागी बसणे, रात्रीचा दिवस करणे आणि हाताशी येईल ते खाणे ही या धंद्याची दिनचर्या आहे. २००२ पूर्वी जागतिक मालिकेत टेबलावर धूम्रपानही चाले. आपल्याकडे वाड्यात किंवा क्लबात डाव रंगला की हेच लहान प्रमाणात घडते. मधुमेही आजोबांची जेवणाची वेळ टळते, रक्तदाबाची गोळी राहून जाते, पायांवर सूज येते. तासाभराने उठून पाच मिनिटे चालावे, पाणी प्यावे आणि दहाच्या आत डाव मोडावा, एवढी शिस्त पुरेशी आहे.

छंद कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो

जुगाराच्या विकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले. कारण मेंदूतील बक्षिसाची यंत्रणा दोन्हींत सारख्याच रीतीने वेठीला धरली जाते. ही लक्षणे पाहा : तोच थरार मिळवण्यासाठी लावायची रक्कम वाढत जाणे, खेळ थांबवला की चिडचिड, हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांशी खोटे बोलणे, उसनवारी, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे. वर्षभरात अशी चार किंवा अधिक लक्षणे दिसली तर तो स्वभावदोष समजू नये, आजार समजावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते औषधाच्या डबीत असू शकते. कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सनसाठी, प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही औषधे देतात. पाय अस्वस्थ होऊन झोप न येण्याच्या विकारातही ती वापरली जातात. ती मेंदूत डोपामिनसारखे काम करतात आणि काही रुग्णांत जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर ओढ निर्माण करतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये अशा ११ पार्किन्सन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील ९ जण प्रामिपेक्सोल घेत होते. ज्यांचा पुढे मागोवा घेता आला, त्यांची ओढ औषध कमी वा बंद केल्यावर ओसरली. मनोविकारांवरील ॲरिपिप्राझोल या औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला.

म्हणून आयुष्यभर काटकसरीने राहिलेले वडील उतारवयात अचानक लॉटरीची तिकिटे किंवा मोबाइलवरचा खेळ यांमागे लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून त्यांचा अपमान करू नका. आधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि एक कळकळीची सूचना : ही औषधे स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्यास कंपवात बळावतो, तीव्र घबराट आणि नैराश्यही येऊ शकते. मात्रा उतरवण्याचा क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाही पैशाचा विवेक ढळतो, तीही तपासणी करून घ्यावी.

घरच्यांनी काय करावे

- ओरडून, शपथा घालून उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, आकडे समोर ठेवून बोला.
- कर्ज फेडण्यासाठी रोख रक्कम हाती देऊ नका. फेडायचेच असेल तर थेट देणेकऱ्याला फेडा.
- पेन्शनचे खाते संमतीने जोडखाते करा, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्या.
- पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तरीही असे ॲप सुचवणारा कोणी भेटला, तर फसवणुकीची शक्यता मोठी आहे हे ध्यानी घ्या.
- जीव नकोसा झाल्याची भाषा रुग्णाच्या तोंडी आली तर त्याला एकटे सोडू नका. शासनाची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

आणि पत्ते? ते फेकून देण्याची गरज नाही. जॉनी मॉस या जुन्या खेळाडूने १९८८ मध्ये ८१ व्या वर्षी जागतिक मालिकेतील एक स्पर्धा जिंकली. उतारवयातही मेंदू डावपेच लढवू शकतो, याची ती साक्ष आहे. स्मरण, हिशेब, थट्टामस्करी आणि चार माणसांचा सहवास हे सारे पत्त्यांच्या डावात आहे. पैशाऐवजी चिंचोके लावा, हरणाऱ्याने सर्वांना चहा करून द्यावा असा नियम करा. ज्यांना पूर्वी जुगाराचे व्यसन जडले होते, त्यांनी मात्र तेवढेही टाळावे आणि बुद्धिबळाचा पट मांडावा. आज संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठांसोबत अर्धा तास असा एखादा खेळ खेळून पाहा.