यंत्राने चेहरा जुळवला, तरी…

धूसर फोटो ॲपमध्ये टाकला की त्यातला खरा चेहरा लख्ख बाहेर येतो, असं अनेकांना वाटतं. बाहेर येतो तो पुष्कळदा नवाच चेहरा. जो तपशील फोटोत उतरलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते अंदाजाने नाक-डोळे भरतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रणालीला २०२० मध्ये बराक ओबामांचा ठोकळे-ठोकळे दिसणारा फोटो दिला, तर तिने चक्क एक गोरा माणूस काढून दिला. उजळलेली प्रत भिंतीवर खुशाल लावा, पण ओळख पटवायला मूळ फोटोच चांगला स्कॅन करून घ्या.

याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे, यंत्र ‘जुळतंय’ म्हणालं की नाव पक्कं झालं. यंत्र चेहऱ्याची ठेवण आकड्यांत मांडतं आणि दोन चेहऱ्यांत साम्य किती, एवढंच सांगतं. खरा माणूस संग्रहात नसला तरी यादीत पहिला कुणीतरी येणारच!

अशी जुळवणी कशी फसवते, याचं हे एक उदाहरण. वैमानिक अमेलिया एअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरावर बेपत्ता झाल्या. २०१७ मध्ये एका अमेरिकी माहितीपटाने मार्शल बेटांवरच्या जालुइट बंदराचा फोटो पुढे आणला. धक्क्यावर पाठमोरी बसलेली बाई म्हणजे अमेलिया आणि उभा असलेला पुरुष म्हणजे त्यांचे सहकारी फ्रेड नूनन, असा दावा होता. चेहरे जुळवणाऱ्या तज्ज्ञाने केसांची रेषा, नाक, शरीराची मापं ताडून दुजोरा दिला. पाठमोऱ्या बाईचा चेहरा कुणी कसा जुळवणार, हा साधा प्रश्न त्या गाजावाजात मागे पडला. पण आठवडाभरातच कोता यामानो या जपानी ब्लॉगलेखकाने जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात तोच फोटो शोधून काढला. तो छापलेलं पुस्तक १९३५ चं, म्हणजे अमेलिया बेपत्ता होण्याच्या दोन वर्षं आधीचं. त्यासाठी चेहरे जुळवावेच लागले नाहीत.

चेहरा दिसल्याशिवाय ओळख पटत नाही, हेही खरं नाही. इवो जिमा बेटावर १९४५ मध्ये झेंडा उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या जगप्रसिद्ध फोटोत चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. हौशी अभ्यासकांनी त्याच दिवशीच्या इतर फोटोंशी ताडून पाहताना विजारीचे काठ दुमडलेत की नाहीत, कमरेला काय लटकतंय, शिरस्त्राणाखाली टोपी आहे का, हे टिपलं. त्यातून अमेरिकेच्या मरीन कोअरला २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये अधिकृत नावं बदलावी लागली.

म्हणजे तंत्रज्ञान कुचकामी का? मुळीच नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या फोटोंसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सिव्हिल वॉर फोटो स्लूथ’ या संकेतस्थळावर गणवेश, हुद्दा यांच्या खुणा आधी नोंदवतात, मग यंत्र मिळतेजुळते चेहरे समोर ठेवतं आणि त्यांतून निवड माणूस करतो. घरच्या अल्बमलाही हाच क्रम बरा: आधी फोटो उलटून मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख आहे का ते पाहा, ॲप नंतर उघडा.