पायाला कळत नाही, म्हणून मनाने पाहावे

भोर-वेल्ह्याकडे भाताची लावणी सुरू झाली की दिवसभर पाय चिखलात असतात. अशाच एका लावणीत आमच्या आत्याच्या तळपायात काटा मोडला. तिला पत्ताही लागला नाही. चार दिवसांनी पाय सुजला, तेव्हा सुनेने पाहिले. अंगठा थोडक्यात वाचला. आत्याला कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, मग रात्रीची जळजळ, शेवटी बधिरपणा. डॉ. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. राज्यघटनेच्या कामाच्या काळात पायाच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे. १९४८ साली डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांच्या औषधपथ्याकडे घरातच लक्ष दिले जाऊ लागले.

सतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी चालताना, उभे राहताना, बसताना, निजताना शरीराकडे जागृतपणे पाहायला सांगितले आहे. ज्याचा पाय बधिर झाला, त्याला ही शिकवण रोजच्या कामाची आहे. पाय सांगत नाही ते डोळ्यांनी आणि मनाने पाहायचे.

आत्या आता सकाळी खुर्चीवर बसून घोटे हळूहळू फिरवते, पायाची बोटे मिटते-उघडते, एकेक गुडघा सरळ करते. श्वासाकडे लक्ष ठेवते, ताण देत नाही. उभी राहिली तर भिंतीला हात लावून. एका पायावर किंवा डोळे मिटून ती उभी राहत नाही, कारण बधिर पायाला तोल कळत नाही. आधार घेण्यात कमीपणा नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे वापरूनच आजारी माणसांना आसने शिकवली. शेवटी आत्या तळपायाखाली आरसा धरून पाय पाहते.

योगाने मेलेली नस जिवंत होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तपासल्याशिवाय काही मानू नये, हीच आपल्या धम्माची शिकवण. गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बधिर पाय गरम पाण्याने किंवा विस्तवावर शेकू नये. भाजलेले कळत नाही. अनवाणी फिरू नये. चिखलात उतरावेच लागले तर संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुना-मुलांनो, आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय एकदा दिव्याच्या उजेडात पाहा.