पाण्यात बुडणारा मासा

होडीवाल्यांनी वल्हं उचलून धरलं आणि ऐकायची खूण केली. आधी नुसती डासांची गुणगुण होती. मग पाच-सात हातांवर ‘गळप्’ असा आवाज झाला, एक बोथट, तपकिरी तोंड पाण्यावर क्षणभर दिसलं आणि चार बुडबुडे मागे ठेवून गेलं. “मांबा,” ते हळूच म्हणाले.

युगांडात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, एंटेबेच्या पश्चिमेला ही माबांबाची दलदल आहे. मांबा म्हणजे फुप्फुसमासा. पुरा वाढला तर दोन मीटरपर्यंत जातो. इथे पपायरसच्या कुजलेल्या काड्या पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. आपल्या तळ्यातली मरळही हवा घ्यायला वर येते, पण मांबाचं अवलंबन फार पुढचं. त्याचे कल्ले मोठेपणी जेमतेम उरतात आणि सुमारे ९० टक्के प्राणवायू तो फुप्फुसांतून घेतो. वर यायला मिळालं नाही तर हा मासा पाण्यात बुडून मरतो.

हे मी वाचलं होतं. त्या सकाळी पाहिलं.

आदल्या संध्याकाळी लावलेली लांब दोरी होडीवाले हातावर हात टाकत ओढू लागले. दोरीला ठरावीक अंतरावर गळ, गळाला लहान माशांचं आमिष. पहिले गळ रिकामेच आले. मग दोरी अडली. पपायरसच्या मुळांत गुंडाळली होती. सोडवायला बराच वेळ लागला. गळाला हातभर लांबीचा मासा होता, मेलेला. “स्सेबो, हा बुडाला,” ते मला म्हणाले. स्सेबो म्हणजे इथलं ‘साहेब’. मी मासा हातात घेतला. पर म्हणावेत तर चार लोंबत्या दोऱ्या, अंग बुळबुळीत, तोंड उघडंच राहिलेलं. पृष्ठभाग त्याच्यापासून फार तर दोन हात दूर होता.

पुढचा जिवंत निघाला. त्याच्या तोंडाजवळ बोट न्यायचं नाही, असं मला बजावण्यात आलं. गोगलगायींची कवचं फोडणाऱ्या दातांच्या पट्ट्या बोटालाही सोडत नाहीत. होडीवाल्यांनी त्याला तळाशी ठेवून वर ओलं पोतं टाकलं.

परतताना शूबिल दिसला. राखी, माणसाच्या छातीइतका उंच, जोड्यासारखी चोच खाली धरून निश्चल उभा. तोही त्याच श्वासाची वाट पाहत होता. हा पक्षी दिसला की जाळं रिकामं जातं, असं इथले कोळी मानत आणि त्याला मारत. आता त्याला पाहायला लोक लांबून येतात आणि होडीवाल्यांना त्यातूनही चार पैसे मिळतात.

सुकल्या चिखलात चिकट कोष करून महिनोन् महिने झोपणारा म्हणून हा मासा पुस्तकांत प्रसिद्ध आहे. ती करामत मुख्यतः त्याच्या पश्चिम आफ्रिकेतल्या भावाची. माबांबाचं पाणी आटत नाही, इथल्या माशाला कोषाची गरजच पडत नाही. त्याला दलदलीचा काठ हवा असतो. तिथल्या उथळ पाण्यात घरटं होतं आणि नर पिलांची राखण करतो. पिलांना सुरुवातीला बाहेर लोंबणारे कल्ले असतात. राखणदार नर जागा सोडत नाही, म्हणून सहज सापडतो. तो गेला की पिलं उघडी पडतात. व्हिक्टोरियाच्या काठच्या दलदली शेतीसाठी तोडल्या गेल्या, तसा मांबाही कमी होत गेला. वाटेत होडीवाल्यांनी एक जागा वळसा घालून टाळली. “बाप बसलाय,” एवढंच म्हणाले. मला त्या वळशाचं फार बरं वाटलं.

धक्क्यावर त्यांच्या पत्नी हिशेबाची वही घेऊन उभ्या होत्या. त्या जन्माने मांबा कुळातल्या. मांबा हा त्यांचा मुझिरो, म्हणजे कुळाचं देवक, खाण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी आकडे लिहून घेतले आणि होडीपासून दोन पावलं मागे सरल्या. पाण्यात मेलेला मासा आणि पाण्याबाहेर तास काढलेला मासा शेजारी शेजारी पडले होते. ओल्या पोत्याखालून पुन्हा आवाज आला: गळप्.