108 फूट खाली ऊन पडतं!

परभणीकरांनो, परवा मुलीला कॉलेजात सोडायला पुण्याला गेलो होतो. तेव्हा जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन मनसोक्त बघून घेतलं. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं.

या स्टेशनाची खोली 33.1 मीटर, म्हणजे जवळपास 108 फूट. आपल्याकडच्या बहुतेक विहिरी याच्या बऱ्याच वर थांबतात. खोदकाम झालं ते आपल्याकडे आहे तशाच काळ्या पाषाणात.

एवढ्या खाली फलाटावर उभं राहून मान वर करा. छतातून सूर्यप्रकाश थेट खाली येतो. सरकत्या जिन्यांच्या कडेवर उन्हाचे पट्टे पडलेले असतात. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

रचना सोपी आहे. तळाशी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्ग, आणि वर पुलावरून वनाज ते रामवाडी. दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना ओलांडतात, म्हणून गाडी बदलायची ती इथेच.

1 ऑगस्ट 2023 ला हे स्टेशन सुरू झालं. पुढे स्वारगेटपर्यंतचा टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला. या टप्प्याचा बोगदा चक्क मुठा नदीच्या खालून जातो! खोदणाऱ्या यंत्रांची नावंही मुळा, मुठा आणि पवना.

आपल्या लोकांसाठी कामाची गोष्ट: पुणे स्टेशनला उतरलात की वनाजकडची मेट्रो धरा. मंगळवार पेठेनंतर लगेच जिल्हा न्यायालय. स्वारगेटला जायचं असेल तर तिथे उतरून जिन्याने थेट तळाला जा. सामान जास्त असेल तर लिफ्ट आहे.

काही अडलं तर बिनधास्त विचारा, जमेल तेवढं सांगतो.