शब्द वाचकाचा, पान लेखकाचे

सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन मार्गदर्शिकेला प्रोग्रामर ‘डॉक्युमेंटेशन’ किंवा नुसते ‘डॉक्स’ म्हणतात. ती कादंबरीसारखी सलग वाचली जात नाही. काम अडले की वाचक एखादी आज्ञा, त्रुटीसंदेश किंवा शंका घेऊन येतो आणि सर्च बॉक्समध्ये दोन-तीन शब्द टाकतो. हवे ते पान त्या शब्दांवर सापडले नाही, तर ते कितीही नीट लिहिलेले असले तरी त्याच्यापुरते नसल्यासारखेच.

गुगलसारख्या शोधयंत्राला कोणते पान महत्त्वाचे हे ठरवताना इतर असंख्य पानांनी दिलेल्या दुव्यांचा आधार मिळतो. एकाच सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत असा आधार तोकडा असतो. शिवाय उत्तर बहुधा एखाद्याच पानावर असते; त्याच्या जागी दुसरे पान चालत नाही.

पायथन या संगणकभाषेची मार्गदर्शिका हे याचे चांगले उदाहरण. ती ‘स्फिंक्स’ या साधनाने तयार होते. गेऑर्ग ब्रँडल यांनी पायथनच्याच मार्गदर्शिकेसाठी बनवलेले हे साधन 2008 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. मार्गदर्शिका तयार होतानाच स्फिंक्स कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची सूची करून ठेवते. ग्रंथाच्या शेवटी असते तशीच ही शब्दसूची. वाचकाने शोध घेतला की ती त्याच्या ब्राउझरमध्ये उतरते आणि जुळणी तिथेच होते. वेगळा सर्व्हर लागत नाही.

सूचीत शब्द कसे घ्यायचे, इथून सुधारणेला सुरुवात होते. मराठीत ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याला’ असलेली पानेही हवी असतात, म्हणून प्रत्यय आणि सामान्यरूप बाजूला सारून मूळ शब्दापर्यंत जावे लागते. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी 1980 मध्ये अशी छाटणीची पद्धत मांडली आणि ती सर्वत्र रुळली. छाटणी जास्त झाली की घोटाळा होतो: पोर्टर यांच्या नियमांनी ‘युनिव्हर्स’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ या दोन्हींचे एकच मूळ निघते. मराठी मजकुरात आणखी एक अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना अक्षर तेच दिसते, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. सूची करण्याआधी अशी रूपे एकसारखी करून घ्यावी लागतात.

काही शब्द सूचीतून मुद्दाम वगळले जातात. ‘फॉर’, ‘इफ’, ‘विथ’, ‘नॉट’ हे इंग्रजी शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असल्याने शोधाला निरुपयोगी मानले जातात आणि स्फिंक्सच्या वगळायच्या यादीतही ते आहेत. पायथनमध्ये मात्र हेच भाषेचे मुख्य शब्द आहेत आणि नवशिक्याला नेमके त्यांच्याबद्दलच विचारायचे असते. चिन्हांची तीच गत. 2019 मध्ये आलेल्या पायथन 3.8 मध्ये ‘:=’ हे नवे चिन्ह मिळाले, पण मजकुराचे तुकडे करताना विरामचिन्हे टाकून देणाऱ्या शोधाला ते दिसतच नाही. प्रोग्रामिंगच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण भाषेचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. मुख्य शब्द, चिन्हे आणि टिंबे किंवा अधोरेषांनी जोडलेली नावे यांना सूचीत वेगळी जागा द्यावी लागते.

पाने सापडली, तरी त्यांचा क्रम लावायचा असतो. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये दाखवले की, जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो त्याचे वजन जास्त धरावे. ‘बीएम25’ हे आज सर्रास वापरले जाणारे सूत्र याच विचारावर उभे आहे. पानात शब्द कुठे आला, यालाही महत्त्व असते. स्फिंक्स शीर्षकात सापडलेल्या शब्दाला 15 गुण देते, फंक्शनसारख्या घटकाच्या नावाशी जुळणाऱ्याला 11 आणि मजकुरातल्या शब्दाला 5. शीर्षक मोघम असेल तर हे 15 गुण वाया जातात, म्हणून ‘इतर माहिती’ किंवा ‘प्रगत विषय’ अशी शीर्षके टाळावीत. पान मोठे असेल तर निकालाने थेट त्यातल्या विभागाशी न्यावे. पायथनची सगळी अंगभूत फंक्शने एकाच लांबलचक पानावर आहेत. त्याच्या माथ्यावर सोडलेल्या वाचकाला पुन्हा शोधाशोध करावी लागते.

टंकनातल्या चुकांवर उपाय तुलनेने सोपा आहे. फ्रेडरिक डॅमेरो यांना 1964 मध्ये आढळले की, 80 टक्क्यांहून अधिक चुका एकाच अक्षराच्या गफलतीच्या असतात: अक्षर जास्त पडते, गळते, बदलते किंवा शेजारच्या अक्षराशी जागा बदलते. एवढा फरक चालवून घेतला तरी बरेच काम भागते.

खरी कठीण गोष्ट म्हणजे वाचकाचा आणि लेखकाचा शब्दच वेगळा असणे. जॉर्ज फर्नास, टॉमस लँडॉवर, लुई गोमेझ आणि सुझन ड्यूमे यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, एकाच वस्तूला दोन माणसे आपणहून एकच नाव देण्याची शक्यता 20 टक्क्यांहून कमी असते. पायथनमध्ये यादीच्या शेवटी घटक जोडण्याला ‘अपेंड’ म्हणतात. जावास्क्रिप्टहून आलेला प्रोग्रामर ‘पुश’ शोधतो आणि नवशिका ‘ॲड’. ‘ॲड’ पायथनमध्ये आहे, पण ते यादीसाठी नसून ‘सेट’साठी आहे, म्हणजे शोध त्याला चुकीच्या घरी पोहोचवतो. यावर उपाय म्हणजे समानार्थी शब्दांची यादी शोधाला जोडणे आणि पानाच्या मजकुरातही वाचकाचा शब्द एकदा येऊ देणे. शब्दांऐवजी अर्थाचे साम्य पाहणारी नवी तंत्रे इथे मदत करतात, पण नेमका त्रुटीसंदेश शोधताना ती जवळपासचे काहीही आणू शकतात. त्यामुळे तंतोतंत जुळणी आणि अर्थाची जुळणी यांची जोड दिली जाते.

आवृत्तीचाही प्रश्न असतो. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. त्यातली ‘प्रिंट’ लिहिण्याची रीत पायथन 3 मध्ये चालत नाही. म्हणून वाचक ज्या आवृत्तीच्या पानावर आहे तिच्यातच शोध घ्यावा आणि निकालावर आवृत्ती ठळक दिसावी.

केलेला बदल उपयोगी पडला की नाही, हे तपासायला वाचकांनी खरोखर विचारलेले पन्नासेक प्रश्न आणि त्यांची योग्य पाने यांची यादी पुरते. प्रत्येक बदलानंतर योग्य पान कितव्या क्रमांकावर आले ते पाहायचे. शोधाच्या नोंदीत निकालाविना राहिलेले शब्दही नियमित वाचावे लागतात. पान आहे पण शब्द वेगळा असेल, तर समानार्थी शब्द जोडायचा. पान खाली दडले असेल, तर शीर्षक किंवा गुण सुधारायचे. पानच नसेल, तर ते लिहायला घ्यायचे.