आशाताईच्या सहा फेऱ्या

दवाखान्यात बाळंतपण झालं, की बाळाला पाहायला आशाताई, म्हणजे गावातली ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती, सहा वेळा घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. आधी ती साबणाने हात धुते. मग बाळाचं वजन, काखेत थर्मामीटर आणि श्वासांची मोजणी. ही मोजणी पूर्ण एक मिनिट करावी लागते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो; पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर फसगत ठरलेली. आकडा ६० किंवा जास्त आला, तर पुन्हा मोजायचा. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर दवाखाना गाठायचा.

गावातल्या बाईला हे शिकवता येतं, हे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत दाखवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशांकडे सोपवली गेली.

अडचण प्रशिक्षणानंतर सुरू होते. लहान गावात बाळंतपणं मोजकीच, त्यात आजारी बाळ क्वचितच दिसतं. सराव नसला की हात विसरतो. म्हणून उजळणी वर्गात नुसती भाषणं नकोत, मोजणी करून घ्यायला हवी. मोबदल्याचं गणितही विचित्र. मूळ नियमांत सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये होते, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ सुखरूप असण्याची अटही होती. म्हणजे जिथे धावपळ सर्वांत जास्त, तिथेच पैसे बुडण्याची भीती!