मेणातलं लिंबूसत्व

मे महिन्यात पातूरला मेणबत्ती दुपारपर्यंत ताठ राहत नाही. पत्र्याखालच्या खोलीत तर सरळ मान टाकते. हे लहानपणापासून पाहिलेलं, तरी यंदा माहेरी आले ती अर्धा किलो मेण घेऊन. आणि पहिल्याच दुपारी ताटात पाडून ठेवलेल्या माझ्या साठ-सत्तर गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या.

त्या गोळ्या म्हणजे माझं रोजचं काम, स्वयंपाकघरात आणलेलं. तेलविहिरींत सोडायच्या रसायनांवर कवच चढवणं हा माझा व्यवसाय. घरी हे वाक्य मी कित्येक वर्षं सांगते आहे आणि दादा मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळतो. या वेळी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा अडून बसला. "आत्या, पन कवच कायले लागते?" तोंडी सांगून भागेना. मग वहिनीकडून दोन पातेली आणि सहा काचेचे ग्लास मागून घेतले, आणि ते पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरायचे नाहीत असं तिला आधीच सांगून टाकलं.

सुरुवात गवारीपासून केली. आपण शेंगेची भाजी खातो. पण शेंग वाळू दिली, बी काढलं आणि त्यातली पांढरी डाळ दळली की ग्वारगम मिळतो. तोच तो, आइस्क्रीममध्ये घालतात तो डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि भारतातली बहुतेक राजस्थानात. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत शेल खडकातल्या विहिरींची धूम चालू असताना या बियांचा भाव कधी नव्हता एवढा चढला होता. विहिरीला गवार लागते ती खडक फोडताना. काही खडक इतके घट्ट असतात की तेल किंवा वायू असूनही झिरपत बाहेर येत नाही. आपल्याकडे गुजरातेत खंभातच्या खोऱ्यात असे थर आहेत, बाडमेरजवळ रागेश्वरीला वायूसाठी अशीच मेहनत करावी लागली. प्रचंड दाबानं पाणी आत ढकलून खडकाला भेग पाडायची आणि दाब काढल्यावर ती मिटू नये म्हणून भेगेत वाळू भरायची. साध्या पाण्यात वाळू वाटेतच तळाला बसते. तिला उचलून न्यायला पाणी दाट हवं.

अर्धा लिटर पाण्यात पाऊण चमचा ग्वारगम भुरभुरत टाकला, भाचा रवीनं घुसळत होता. एकदम ओतला तर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. चिमूटभर हळद घातली. वरण पातळ झाल्यासारखं पिवळं पाणी दिसायला लागलं. मग टाकणखाराचं चमचाभर पाणी सोडलं. पाहता पाहता रवी जड झाली, पिवळा रंग तांबूस झाला आणि ग्लासातलं सगळं एकसंध लोळ्यासारखं रवीबरोबर वर आलं. टाकणखार गवारीच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारतो. "हळदीचं कुंकू झालं," वहिनी म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. क्षारानं हळद लाल होते, आंबटानं पुन्हा पिवळी. बांधकामातली उरलेली वाळू वरून टाकली, ती जिथल्या तिथे अधांतरी राहिली.

आता खरी अडचण. वाळू भेगेत पोचली की तोच दाटपणा वैरी होतो. हा लोळा तिथेच राहिला तर वाळूच्या कणांमधून तेल यायचं कसं? म्हणून त्यात आधीच एक तोडणारं रसायन मिसळलेलं असतं, बहुतेकदा अमोनियम परसल्फेट. उष्णतेनं ते गवारीची साखळी तुकडे तुकडे करतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढतं. तीन हजार मीटरवर शंभराच्या वर जातं. तिथे उघडं परसल्फेट काही मिनिटांत आपलं काम उरकतं. वाळू अजून नळातच असते, ती खाली कोसळते आणि पंप तिथेच थांबवावे लागतात. म्हणजे रसायन सोबत तर न्यायचं, पण तास-दोन तास त्याचा हात बांधून.

माझ्या कारखान्यात हे काम एका उभ्या पिंपात होतं. खालून कोरडी गरम हवा येते, रव्याएवढे दाणे मधल्या नळीतून कारंज्यासारखे वर उडतात, फवाऱ्यासमोरून जाताना त्यांच्यावर पॉलिमरचा थेंब बसतो, बाहेरच्या बाजूनं ते खाली पडतात आणि पुन्हा वर. ही युक्ती विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेल वुर्स्टर यांनी १९५० च्या दशकात औषधांच्या गोळ्यांसाठी शोधली. पिंपाला आजही त्यांचंच नाव आहे. एक दाणा अशा शेकडो फेऱ्या मारतो. पिंपाला काचेची खिडकी असते आणि नव्या माणसाला मी पहिला आठवडा फक्त त्या खिडकीशी उभं करते. फवारा जास्त झाला तर दाणे ओले होऊन गठ्ठे बांधतात. हवा जास्त गरम झाली तर थेंब दाण्यावर बसण्याआधीच वाळतो, नुसती धूळ उडते आणि कवचाला सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. गठ्ठे चाळणीत सापडतात, ही भोकं सापडत नाहीत. त्यांच्यासाठी दाणे ऐंशी अंशांच्या पाण्यात ठेवून आधी दहा मिनिटांनी आणि मग दर अर्ध्या तासानं पाणी काढायचं, त्यात आयोडाइड घालून किती परसल्फेट बाहेर आलं ते मोजायचं. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा मी सर्वांत आधी वाचते. तो मोठा असला, तर उरलेला आलेख कितीही देखणा असू दे, माल परत जातो.

पातूरला परसल्फेट आणलं नव्हतं. ते मुलांच्या हातात द्यायची वस्तू नाही. त्याच्या जागी लिंबूसत्व घेतलं. लिंबूसत्व गवारीची साखळी तोडत नाही, टाकणखारानं मारलेल्या गाठी फक्त सोडवतं. पण वेळ पाळणं म्हणजे काय हे दाखवायला तेवढं पुरे. लिंबूसत्व बारीक वाटून वितळलेल्या मेणात कालवलं आणि बर्फावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटावर थेंब थेंब पाडलं. पहिला लॉट उन्हानं खाल्ला तो वर सांगितलाच. दुसरा पहाटे साडेपाचला पाडला आणि डबा माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवला.

त्यातल्या दहा गोळ्या तांबूस लोळ्यात दाबल्या. पाच मिनिटांत त्यातल्या सहांभोवती पिवळं वलय उमटलं. "आत्या, हे तं आतापासूनच पिवळं होऊन रायलं!" भाचा हिरमुसला. मला मात्र ते वलय पाहून आनंद झाला, कारण वीस वर्षांपूर्वी मला हे इतकं स्पष्ट कोणी दाखवलं नव्हतं. मेणात कालवलेला प्रत्येक स्फटिक आत राहत नाही. काही पृष्ठभागावर डोकं काढून असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. उरलेल्या गोळ्या टाचणीवर टोचून नुसत्या मेणात एकदा बुडवल्या, टाचणीचं भोक थेंबानं बुजवलं. या दुसऱ्या हातानंतर त्यातल्या दहा नव्या ग्लासातल्या लोळ्यात दाबल्या, नऊ शांत राहिल्या. तो ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं तशा गोळ्या गळायला लागल्या, पिवळे ठिपके पसरत एकमेकांना भिडले, आणि लोळा सैल पडला. अधांतरी राहिलेली वाळू सावकाश, एकेक कण, तळाला आली.

दादा तोवर दारात येऊन उभा होता. "पन थे खाली गेल्यावर त्याले कोन सांगते, आता फुट म्हून?" त्याला सांगितलं की विहिरीतलं कवच वितळत नाही. पाणी त्यातून हळूहळू आत झिरपतं, आतलं मीठ विरघळतं, आणखी पाणी ओढतं, आणि शेवटी कवच ताणून फुटतं. दुसरं, पंप थांबले की भेगेच्या भिंती वाळूवर मिटायला बघतात. वाळू तो भार पेलते, रसायनाचे दाणे मात्र चिरडले जातात. म्हणजे ज्या क्षणी रसायन हवं, त्याच क्षणी खडक ते पिळून काढतो. हे त्याला पटलं. मग त्यानं ग्लास तिरका करून वर तरंगणारा मेणाचा तवंग दाखवला. "मंग हे मेन तठीच रायते का?" आमच्या बैठकीत हा प्रश्न दर वेळी येतो. रिकाम्या कवचांचा चोथा वाळूच्या फटींत अडकू शकतो, म्हणून कवच शक्य तितकं पातळ ठेवायचं, आणि पातळ ठेवलं की गळतं. माझी नोकरी या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

दादाचं मन लगेच वावरात गेलं, ते साहजिक होतं. पऱ्हाटीला टाकलेला युरिया पहिल्या जोराच्या पावसात कुठे जातो हे त्याला कोणी शिकवायला नको. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळी तेल लावून येतो. पण ते तेल म्हणजे कवच नव्हे. ते जमिनीतल्या जिवाणूंचा वेग कमी करतं, पाण्याला अडवत नाही. २०२३ मध्ये आलेल्या गंधक लावलेल्या युरियाला कवच म्हणता येईल. आणि कृषी केंद्रात मिळणाऱ्या लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के या कीटकनाशकाच्या बाटलीवरचं 'सीएस' म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कुप्या, माझ्याच धंद्याची सख्खी बहीण. दादा ती बाटली कित्येक हंगाम वापरतो आहे. आत कुप्या आहेत हे त्याला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. याचा मला राग येतो. तेलविहिरीचा मालक कवचाच्या पहिल्या दहा मिनिटांचा आकडा मागून घेतो, कारण त्याच्या एका फसलेल्या कामाची किंमत मोठी असते. पातूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा एक फसलेला पाऊस त्याच्या दृष्टीनं तेवढाच मोठा असतो. त्यालाही तो आकडा मिळायला हवा, मराठीत, गोणीवर छापलेला.

शेवटचा ग्लास आम्ही तापवला नाही. दोनदा मेणात बुडवलेल्या तीन गोळ्या तांबूस लोळ्यात ठेवून तो माठाशेजारी सावलीत ठेवला आणि भाच्यानं वहीत वेळा लिहायला घेतल्या. अकरा वाजता काही नाही. एक वाजता काही नाही, खोलीत चाळीस अंश. साडेतीनला वीज गेली, ग्लास तसाच. संध्याकाळी मी अकोल्याच्या गाडीसाठी पिशवी भरत असताना त्यानं वही पुढे केली. सहा वाजून दहा मिनिटं, असं लिहिलं होतं. भिंतीकडच्या गोळीजवळ एक पिवळा ठिपका, मोहरीएवढा.